मुलगे आणि पुरुषही : लैंगिक अत्याचारानंतरचे उपचार व पुनर्वसन

दरवर्षी या अहवालातून आम्ही रुग्णालयाच्या एखाद्या विभागाच्या कार्याची सविस्तर ओळख करून देतो. डायलिसिस, नवजात अर्भक कक्ष, नेत्रशिबिरे हे विषय यापूर्वी झाले. यंदा जो विषय पुढे आला त्यावर लिहावे की नाही, याबद्दल प्रारंभी आमच्यातच दोन मते होती. हा अहवाल घरोघरी जातो, ज्येष्ठ देणगीदार तो अगत्याने वाचतात, प्रतीक्षागृहातील टेबलावरही तो असतो. परंतु ज्या संकोचामुळे आम्ही थबकलो होतो, त्याच संकोचापायी हे रुग्ण आमच्याकडे दिवसांनी, महिन्यांनी, कित्येकदा वर्षांनी येतात, हे ध्यानात आल्यावर मतभेद उरला नाही. पुढे आलेल्या प्रसंगांत कोणाचीही ओळख पटेल असा तपशील ठेवलेला नाही. एकाहून अधिक रुग्णांचे अनुभव एकत्र गुंफले आहेत.

एका संध्याकाळी एक गृहस्थ आपल्या शाळकरी मुलाला घेऊन अपघात विभागात आले. “सायकलवरून पडला,” असे त्यांनी सांगितले. मुलगा काहीच बोलला नाही. जखमा पडल्याच्या वाटत नव्हत्या. पण विभागात गर्दी होती, वडील घाईत होते, आणि मुलगा आहे म्हटल्यावर तसा विचार आमच्या डॉक्टरांच्या मनात आला नाही. मलमपट्टी झाली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले गेले, केसपेपरवर ‘पडल्यामुळे इजा’ असे लिहिले गेले. तिसऱ्या आठवड्यात तोच मुलगा बालरोग विभागात आला. तो जेवत नव्हता, रात्री अंथरूण ओले करीत होता, शिकवणीचे नाव काढताच त्याच्या पोटात दुखू लागे. आमच्या वैद्यकीय समाजसेविकेने त्याच्या आईला बाहेर बसवून त्याच्याशी अर्धा तास चित्रे काढण्यात घालवला, तेव्हा खरी हकीकत समोर आली. पहिल्या ७२ तासांत जे करावयास हवे होते, त्याची वेळ तोवर निघून गेली होती. पुढील महिन्यांतील त्याच्या रक्ततपासण्या निर्दोष आल्या. ते दैव, त्यात आमचे श्रेय काही नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. त्या मुलाची वैद्यकीय तपासणी नोंदवण्यासाठी जो छापील नमुना आमच्याकडे होता, त्यावर ‘पीडितेचे नाव’ असे छापलेले होते. डॉक्टरांनी पेनाने ‘ते’ खोडून ‘ता’ केले आणि पुढे लिहू लागले. मुलगा समोर बसून ते पाहत होता. आपल्यासारखे दुसरे कोणी इथे आलेच नाही, असेच त्याला वाटले असणार. तो नमुना आता बदललेला आहे.

वास्तविक असे पुष्कळ आहेत. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलून माहिती घेण्यात आली होती. त्यांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले, आणि असे सांगणाऱ्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. या आकड्यांत सौम्य आणि तीव्र असे सर्व प्रकार येतात, हे ध्यानात ठेवूनही मुलगे यातून सुटलेले आहेत ही समजूत टिकत नाही. मे २०१२ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी मालिकेत मुंबईचे श्री. हरीश अय्यर यांनी बालपणी आपल्यावर वर्षानुवर्षे झालेल्या अत्याचाराविषयी स्वतःच्या नावाने आणि चेहऱ्याने सांगितले, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी किती घरांत दूरचित्रवाणीचा आवाज लहान केला गेला असेल, कोण जाणे.

मुलींच्या बाबतीत कुटुंब अब्रूच्या भयाने गप्प बसते. मुलाच्या बाबतीत त्या भयात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे त्याच्या पुरुष असण्याविषयीची शंका. “तू काय मुलगी आहेस रडायला?” हे वाक्य ज्याने चौथ्या वर्षापासून ऐकले आहे, त्याला चौदाव्या वर्षी हे सांगता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे मानणारे वडील वाईट नसतात. ते घाबरलेले असतात. प्रौढ पुरुष तर निराळ्याच तक्रारी घेऊन येतो. शस्त्रक्रिया विभागात ‘मूळव्याधीचा त्रास’ म्हणून, औषधी विभागात ‘झोप लागत नाही’ म्हणून, आणि बऱ्याचदा व्यसनमुक्तीसाठी, तेही पत्नीने आणले म्हणून. कारखान्यातील मुकादम, वसतिगृहातील वरच्या वर्गातली मुले, नात्यातील वडीलधारी व्यक्ती, अत्याचार करणारे बहुधा ओळखीचे असतात. काही वेळा ती स्त्रीही असते. अशा वेळी “यात तक्रार करण्यासारखे काय आहे?” हे हसून विचारणारे भेटतात आणि रुग्ण पुन्हा गप्प होतो.

देह काय करतो

समुपदेशनाच्या खोलीत पुरुष रुग्ण जे प्रश्न सर्वांत उशिरा विचारतात, ते येथे आधी घेतो. कारण कुटुंबीयांनाही त्यांची उत्तरे ठाऊक नसतात.

पहिला प्रश्न : “मी प्रतिकार का केला नाही?” तीव्र भयाच्या क्षणी मनुष्य पळतो किंवा लढतो असे आपण समजतो. परंतु तिसरी प्रतिक्रियाही तितकीच नैसर्गिक आहे. ती म्हणजे शरीर गोठून जाणे. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. मेंदूचा जो भाग ही प्रतिक्रिया घडवतो, तो विचार करून निर्णय घेणारा भाग नव्हे. धट्टाकट्टा पहिलवानही त्या क्षणी दगड होऊ शकतो. त्याला संमती म्हणणे वैद्यकशास्त्राला धरून नाही.

दुसरा प्रश्न याहून कठीण. अत्याचार चालू असताना काही पुरुषांच्या इंद्रियाला ताठरता येते, क्वचित वीर्यपतनही होते. अत्याचारी व्यक्ती नेमके त्यावर बोट ठेवून “तुलाही हवेच होते” असे म्हणते आणि तो माणूस आयुष्यभर त्या वाक्याखाली दबून राहतो. ही क्रिया स्वायत्त मज्जासंस्थेमार्फत आणि मज्जारज्जूच्या पातळीवरील प्रतिक्षिप्त क्रियेने होते. स्पर्शाने होते, दाबाने होते, भयानेही होऊ शकते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते, म्हणून आपण दुःखी होतो असे नाही. ही साधी गोष्ट ऐकून पन्नाशीतले गृहस्थ आमच्यासमोर हमसून रडले आहेत. ती त्यांना तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती, तर!

“मी आता समलिंगी झालो का?” हाही प्रश्न येतो. अत्याचाराने कोणाचाही लैंगिक कल ठरत नाही किंवा बदलत नाही. आणि जो मुळातच समलिंगी आहे, त्याच्यावरील अत्याचार त्यामुळे कमी गंभीर ठरत नाही. शेवटचा प्रश्न बहुधा तरुण बाप झालेला रुग्ण विचारतो : “मीही पुढे असेच करीन का?” बालपणी अत्याचार सोसलेल्या मुलांपैकी बहुतांश पुढे कोणावरही अत्याचार करीत नाहीत. या भीतीपायी स्वतःच्या लेकराला उचलून घ्यायला बिचकणारे वडील आम्ही पाहिले आहेत.

पहिले काही तास

घटना नुकतीच घडली असेल तर वेळेला फार महत्त्व आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठीची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जितकी लवकर, तितकी अधिक गुणकारी. शक्य तर पहिली मात्रा दोन तासांतच द्यावी असा प्रयत्न असतो, आणि ती २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. शासकीय रुग्णालयांतून ती विनामूल्य मिळतात. कावीळ ‘ब’ची लस, धनुर्वात प्रतिबंध, इतर लैंगिक संसर्गांवरील प्रतिजैविके आणि गुदद्वाराच्या जखमांवरील उपचार हे त्याच भेटीत होतात. शौचाच्या वेळी वेदना होतात म्हणून मुले जेवणच सोडतात. त्यासाठी मल मऊ राहील अशी साधी औषधेही मोठे काम करतात. रक्ताची पहिली तपासणी त्याच दिवशी, पुढच्या तपासण्या सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी होतात.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०१४ मध्ये लैंगिक हिंसेच्या बाबतीत रुग्णालयांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्या स्त्रियांपुरत्या मर्यादित नाहीत. मुलगे, पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती यांचाही त्यांत समावेश आहे. त्यांनुसार शरीरावरील नमुने साधारणतः ९६ तासांपर्यंत घेता येतात. म्हणून शक्य असेल तर तपासणीपूर्वी अंघोळ करू नये, अंगावरचे कपडे धुऊ नयेत, ते कागदाच्या पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा धरून ते खराब होतात. मात्र अंघोळ झाली, कपडे धुतले गेले, चार दिवस उलटले, तरीही यावे. आईने मुलाला आधी न्हाऊ घातले म्हणून तिला बोल लावण्याचे काहीच कारण नाही. कोणतीही आई तेच करील. तसेच अंगावर जखम नसणे याचा अर्थ काही घडलेच नाही असा होत नाही, हे आमच्या निवासी डॉक्टरांना आम्ही दर सहा महिन्यांनी नव्याने शिकवतो.

कायदा कोठवर साथ देतो

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, ‘पॉक्सो’ या नावाने परिचित असलेला २०१२ चा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. तो मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही. असा प्रकार कळल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध दडपल्यास ती एक वर्षापर्यंत आहे. अनेक पालक आम्हांला हात जोडून विनवतात, “डॉक्टर, हे बाहेर जाऊ देऊ नका.” आम्ही त्यांना सांगतो की पोलिसांना कळवणे आमच्या इच्छेवर नाही, पण मुलाचे नाव, शाळा, पत्ता प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे, त्याचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेतला जातो, आणि उपचार कोणत्याही कागदासाठी थांबत नाहीत. महाराष्ट्र शासनाची २०१३ पासूनची ‘मनोधैर्य’ योजना बालकांवरील लैंगिक अत्याचारासाठीही आहे, हे मुलग्यांच्या पालकांना बहुधा ठाऊक नसते. वसतिगृहात रॅगिंगच्या नावाखाली असे घडले, तर राज्याचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा संस्थाचालकांनाही जबाबदार धरतो.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या पुरुषाची स्थिती मात्र बिकट आहे. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये, अत्याचारग्रस्त व्यक्ती कोणत्याही लिंगाची असू शकते हे कायद्याने मानावे अशी शिफारस केली होती. परंतु त्या वर्षी संमत झालेल्या दुरुस्तीत बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच राहिली. इंग्लंडमध्ये १९९४ साली कायद्याने पुरुषावरील बलात्काराला त्याच नावाने ओळखले. आपल्याकडे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ हा एकच आधार होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध त्यातून वगळले, संमतीविना केलेले कृत्य मात्र गुन्हाच ठेवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या कलमाला पर्यायी तरतूद ठेवलेली नाही. त्यामुळे त्यानंतरच्या घटनांत प्रौढ पुरुषाला दुखापत, बेकायदा डांबून ठेवणे, धमकी अशा कलमांचाच आसरा घ्यावा लागतो. आम्ही डॉक्टर आहोत, कायदेपंडित नव्हे. तथापि ज्याच्यावर जे घडले त्याला त्याच्याच देशाच्या कायद्यात नाव नसावे, याचा परिणाम आम्हांला रोज तपासणीच्या टेबलावर दिसतो. रुग्ण स्वतःच म्हणतो, “साहेब, याला काय म्हणायचं तेच मला कळत नाही.” तक्रार द्यावी की नाही हे प्रौढ रुग्णाने ठरवावयाचे असते. तो नको म्हणाला तरी त्याच्या जखमांची नोंद आम्ही काळजीपूर्वक करतो आणि उपचार तेच राहतात.

सावरणे

पहिल्या महिन्यात फार काही करू नये, हे ऐकून नातेवाइकांना आश्चर्य वाटते. घडलेले सारे एकदा सविस्तर बोलून टाकले की मन मोकळे होते, अशी समजूत आहे. परंतु बळजबरीने हकीकत वदवून घेतल्याने लाभ होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही नमूद आहे. झोपेच्या आणि चिंताशामक गोळ्यांबाबतही संघटना सावध करते. या काळात हवी असते सुरक्षित जागा, नियमित जेवण, झोपेची वेळ, आणि विश्वास ठेवणारे एक तरी माणूस. कित्येकांना एवढ्यावर उतार पडतो.

महिन्यानंतरही दचकणे, दुःस्वप्ने, प्रसंग जणू पुन्हा घडत आहे असा भास, संताप, त्या वाटेने जाणे टाळणे हे चालू राहिले, तर त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात आणि त्यावर निश्चित उपचार आहेत. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचारात रुग्ण प्रशिक्षित उपचारकाच्या सोबतीने, स्वतःच्या गतीने, त्या आठवणीकडे पायरीपायरीने जातो. आठवण पुसली जात नाही. ती भूतकाळात जाऊन बसते. आमच्या एका रुग्णाला विशिष्ट केशतेलाचा वास आला की श्वास कोंडत असे. काही महिन्यांनी त्याने सांगितले, “वास अजून येतो, पण आता मी बसमधून उतरत नाही.” गरजेप्रमाणे नैराश्यावरील औषधेही दिली जातात. दारूचा प्रश्न असेल तर तो बाजूला ठेवून चालत नाही; दोन्ही उपचार हातात हात घालूनच करावे लागतात.

पुरुष रुग्णाला समुपदेशक पुरुष हवा की स्त्री, हे आम्ही त्यालाच विचारतो. पुरुषाला पुरुषच बरा, असे आम्ही पूर्वी गृहीत धरत होतो. ज्याच्यावर पुरुषाने अत्याचार केला आहे, त्याला बंद खोलीत दुसऱ्या पुरुषासमोर बसवणे किती अवघड असते, हे आम्हांला रुग्णांनीच शिकवले.

कुटुंबीयांना एक कळकळीची विनंती. “लग्न लावून दिले की सारे ठीक होईल” हा उपचार नाही; त्यात आणखी एक मुलगी नाहक दुःखात ओढली जाते. विवाहित रुग्णांच्या पत्नींना, रुग्णाच्या संमतीने, आम्ही वेगळे भेटतो. नवरा वर्षानुवर्षे जवळ का येत नाही, याचे कारण स्वतःत शोधून त्या थकलेल्या असतात. लहान मुलाच्या बाबतीत आईवडिलांनी एवढेच म्हणावे : तू सांगितलेस ते बरे केलेस, तुझी चूक नाही, आम्ही आहोत. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये, आणि वडिलांनी त्या माणसाला ठार मारण्याची भाषा मुलासमोर करू नये. आता बाबा तुरुंगात जाणार आणि तेही माझ्यामुळे, असे मुलाला वाटते.

देणगीदारांना हिशेबाची बाजूही सांगावयास हवी. एचआयव्हीवरील औषधे शासनाकडून मिळतात; नमुने घेण्याचे साहित्य महागडे नाही. खर्च आहे तो वेळेचा. एका रुग्णाला तासभर देणाऱ्या समुपदेशकाचे वेतन कोणत्याही बिलात लिहिता येत नाही, आणि या रुग्णांकडून आम्ही शुल्क घेत नाही. यंत्राच्या देणगीवर नावाची पाटी लावता येते, ऐकून घेण्याच्या कामावर लावता येत नाही. तरीही ज्या हितचिंतकांनी आपले दान ‘समाजसेवा विभागासाठी’ असे लिहून दिले, त्यांच्यामुळेच हे काम उभे आहे. रात्रपाळीलाही प्रशिक्षित समाजसेवक असावा अशी आमची निकड आहे. असे रुग्ण बहुधा काळोख पडल्यावर येतात.

ज्यांना या क्षणी कोणाशी तरी बोलावयाचे आहे, त्यांच्यासाठी मुलांकरिता १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ची १४४१६ ही शासकीय दूरध्वनी सेवा आहे, दोन्ही विनामूल्य आहेत. आमच्याकडे यावयाचे असल्यास केसपेपरच्या खिडकीवर कारण सांगण्याची आवश्यकता नाही. ‘समाजसेवा विभागात जायचे आहे’ एवढे म्हटले की पुरे. तेथील कर्मचारी पुढचे काही विचारणार नाहीत. खोली पहिल्या मजल्यावर, फिजिओथेरपीच्या पलीकडे आहे. दारावर केवळ क्रमांक आहे.